स्टँडखालची फरशी

विठ्ठलरावांचा, म्हणजे गावाच्या नानांचा, नियम सगळ्यांना पाठ होता: ज्याला पडलेली गाडी एकट्यानं उचलता येत नाही, त्यानं गाडीच्या किल्लीला हात लावू नये. गावात कुणी नवी मोटारसायकल घेतली की पेढ्यांचा पुडा घेऊन आधी त्यांच्या दारात यायचं. विठ्ठलराव पेढा तोंडात टाकायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, "कर आडवी." समोरच्याचं तोंड कडू व्हायचं. कोरी करकरीत गाडी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही, ती मातीत झोपवायची? पण नानांपुढे बोलणार कोण? अंगणात गोणपाट अंथरलं जायचं, गाडी त्यावर हळूच निजवली जायची, आणि मालकानं ती उचलली की नाना पाठीवर थाप मारायचे. ज्याला उचलता आली नाही, त्यानं ती घरापर्यंत ढकलत न्यायची आणि जमेपर्यंत दुसऱ्याच्या मागे बसून फिरायचं. रामकिसन आता दोन लेकरांचा बाप झाला, पण त्यानं गाडी ढकलत नेली होती ही गोष्ट गाव अजून विसरलेलं नाही.

नाना स्वतः माजी सरपंच. त्यांची काळी बुलेट त्यांच्या सरपंचकीपेक्षा जुनी, आणि तिचा मान सरपंचकी गेल्यावरही गेला नव्हता. पाटोद्याच्या बाजारात ती उभी असली की लोक म्हणत, नाना आलेत. आणि नाना पारावर बसले की एकदा तरी सांगायचे, "आपली गाडी उभ्या जागी आजवर पडली न्हाई. जनावराला मालक कळतो, तसा गाडीलाबी कळतो." ऐकणारे माना डोलवायचे. दर दसऱ्याला गावातली सगळी पोरं गाड्या घेऊन नारायणगडावर दर्शनाला जायची, आणि त्या सगळ्या गाड्यांच्या पुढे नानांची बुलेट असायची. ती जागा कुणी त्यांना दिली नव्हती. पण दुसऱ्या कुणी ती घ्यायची हिंमतही केली नव्हती.

यंदा मात्र नानांच्या डाव्या गुडघ्यानं असहकार पुकारला होता. उठताना तो कटकन वाजायचा आणि जिना उतरताना भलतीकडेच जायला बघायचा. नानांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आपला नियम आपल्यावरच कधी उलटेल अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून होती, पण गाडी पडणारच नाही तर उचलायचा प्रश्न येतो कुठून, असं म्हणून ते स्वतःची समजूत घालत.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी बुलेट धुतली, पुसली आणि पूजेसाठी अंगणात घेतली. एरवी ती भिंतीकडेला मावळतीला तोंड करून उभी असायची. पण पूजा पूर्वेला तोंड करूनच व्हायला हवी, म्हणून नानांनी ती फिरवली. मोठ्या स्टँडवर ओढून लावायला गुडघा तयार नव्हता, तेव्हा साइड स्टँडवरच ठेवली. स्टँडच्या नेहमीच्या जागी शहाबादी फरशीचा एक तुकडा मातीत बसलेला होता. तो तिथं केव्हापासून होता, कुणी ठेवला, हे नानांनी कधी मनात आणलं नव्हतं. आज मात्र तो त्यांच्या डोळ्यांत खुपला. पूजेच्या गाडीजवळ असला मळका दगड कशाला? त्यांनी तो उचलून भिंतीकडे भिरकावला.

त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, पहाटेच अंगणात सडा घातला होता, रांगोळी काढली होती. परवाच्या पावसानं काळी माती आधीच मऊ होती. त्या आरतीचं ताट घेऊन बाहेर आल्या, गाडीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थबकल्या.

"अहो, ती फरशी..."

"पूजेच्या टायमाला मधी बोलू न्हाई," नाना म्हणाले.

हळदीकुंकू लागलं, हँडलला झेंडूचा हार चढला. नानांनी नारळ फोडला, पाणी चाकावर शिंपडलं आणि डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात शेजारी काहीतरी सावकाश हलल्यासारखं झालं. डोळे उघडून बघतात तो स्टँड लोण्यात सुरी जावी तसा मातीत चाललेला. हात पुढे करेपर्यंत बुलेट धाडकन डाव्या अंगावर आडवी. आरसा फुटला, क्लचचा लिव्हर मोडून उडाला, टाकी पूजेच्या पाटावर आदळली आणि पेट्रोलचा वास सुटला.

सत्यशीलाबाईंनी आधी निरांजन उचललं आणि धावत आत नेऊन ठेवलं. परत येऊन त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला. नाना अजून हात जोडलेलेच होते.

मग ते भानावर आले. तासाभरात पोरं येणार होती. त्यांनी फाटकाकडे एकदा पाहिलं, धोतर वर खोचलं आणि दोन्ही हातांनी हँडल धरून ओढलं. गाडी वीतभर उठली. गुडघा कटकन वाजला आणि गाडी परत खाली. पुन्हा ओढलं. या वेळी गाडी उठली नाही, नानाच चिखलात बसले. सगळ्या अंगाला दरदरून घाम फुटला होता. किती जणांना आपण याच अंगणात मान खाली घालून घरी धाडलं, ती सगळी तोंडं त्यांच्या डोळ्यांपुढे आली. आता ती सगळी पोरं फाटकातून आत येणार होती, आणि बघणार होती. संपलं, त्यांच्या मनात आलं. आजपासून किल्लीला हात लावायचा नाही.

"सरा बाजूला," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"अगं, तुझ्यानं काय..."

"सरा म्हणते ना."

त्यांनी पदर कमरेला खोचला. आधी गाडी गिअरमध्ये घातली, म्हणजे चाकं पळणार नाहीत. हँडल जमिनीकडे वळवून घेतलं. मग गाडीकडे चक्क पाठ केली आणि सीटला कंबर टेकवून खाली बसल्या. एक हात मागे नेऊन हँडलची मूठ धरली, दुसऱ्यानं सीटमागची लोखंडी कडी.

"तुमी पलीकडं उभे राहा. ओढायचं न्हाई, नुसता हात धरा. जोर जास्त झाला तर तिकडं पडंल."

नाना निमूट पलीकडे गेले. सत्यशीलाबाईंनी श्वास घेतला आणि पाय रोवून, एकेक इंच मागे सरकत, त्या उठायला लागल्या. हात ताठच होते. सगळं काम पाय करत होते. कपाळावरची शीर टरारली, टाचा मातीत रुतल्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. आणि त्यांच्या पाठीमागे ती एवढी मोठी काळी बुलेट, हारासकट, सूर्य वर यावा तशी संथपणे वर आली. नाना बघतच राहिले. या बाईशी त्यांनी आख्खं आयुष्य संसार केला होता. तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, तिच्यावर ओरडले होते, तिची समजूत काढली होती. पण ही अशी आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. गडावरच्या गाभाऱ्यात जसा अंगावर काटा यायचा तसा काटा त्यांच्या अंगावर आला, आणि हात आपोआप पुन्हा जोडले गेले.

"हात कावून काढला? धरा की!" बाई ओरडल्या.

नानांनी घाईनं सीट धरली. बाईंनी टाचेनंच स्टँड बाहेर काढला आणि म्हणाल्या, "आता ती फरशी आणा. जिथं टाकली तिथून."

नानांनी फरशी आणली. बाईंनी ती स्टँडखाली सरकवली, गाडी तिच्यावर टेकवली आणि हात झटकले. मग कमरेचा मोबाइल काढून पाटोद्याला फोन लावला.

"कासमभाई, येता का जरा? हां, आताच."

कासम हा पाटोद्याच्या एसटी स्टँडजवळचा मिस्तरी. बुलेटचं काम नाना त्याच्याशिवाय कुणाला देत नसत.

"तुझ्याकडं कासमचा नंबर कसा?" नानांनी विचारलं. बाई रांगोळी सावरत होत्या. त्यांनी ऐकलं नसावं.

कासम आला तो पिशवी घेऊनच. नानांना सलाम केला आणि थेट बाईंना म्हणाला, "काय काकी, परत डावीकडंच का?"

"परत म्हंजे?" नाना म्हणाले.

कासमनं जीभ चावली. पण आता वेळ गेली होती. तो लिव्हर बसवत राहिला आणि खाली मान घालून सांगत राहिला. नाना बैठकीला बीडला गेले, लग्नाला गेले, जीप आली की बुलेट घरी ठेवून जायचे. कधी म्हशीनं तिला अंग घासलं, कधी पावसात माती बसली, कधी वाऱ्यानं. काकी गाडी उचलून ठेवायच्या आणि त्याला बोलवायच्या. आरसा बदलला, एकदा लिव्हर बदलला, एकदा पाय ठेवायचा पायटा सरळ केला. "मी म्हनलं, काकी, स्टँडखाली कायतरी रुंद घाला, म्हंजे रुतणार न्हाई. तवा त्यांनी ही फरशी घातली. तिच्यानंतर मला फोन न्हाई, आज आला तेवढाच."

नाना ओट्यावर बसले. पाराची आठवण झाली. जनावराला मालक कळतो, गाडीलाबी कळतो. वा रे मालक!

"आणि उचलायला कुणी शिकवलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"युसूफ वडगावला आमच्या दादांची आडत न्हवती का? हमाल पोतं कसं उचलायचे ते लहानपनापासून बघितलंय. हातानं उचललं की कंबर गेली. पाठ द्यायची आणि पायानं उठायचं. तुमच्या पोरांना तुमी हातानं ओढायला लावता, म्हनून तर बिचारी रडकुंडीला येतात."

"मला सांगितलं कावून न्हाई?"

"तुमी पारावर सांगत होता. ऐकणारे खूश, तुमीबी खूश. मी मधी बोलून काय करू?"

कासमनं वाकलेला पायटा पाइप लावून सरळ केला, प्लग काढून पुसला, तेल कुठून गळतंय का ते पाहिलं. "लगेच किक मारू नका. आडवी पडली की पेट्रोल नको तिथं जातं. जरा दम खाऊ द्या तिला. टाकीचा पोचा आज निघत न्हाई, टाकी उतरवून, धुऊन, मग ओढावा लागंल. आणि नाना, उताराकडं झुकवून लावत जाऊ नका. एरवी मावळतीला तोंड करून असती तेच बरं."

तेवढ्यात फाटकाबाहेर हॉर्न वाजले. पोरं आली होती. बुलेट उभी होती, हार सरळ केलेला होता. बाई नवऱ्याच्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कुणी बघितलं न्हाई. जावा."

कासमनं मान हलवली तशी नानांनी किक मारली. मग गाडीवर बसून ते थांबले. "साडी बदल," ते म्हणाले. "तूबी चल. आणि ती फरशी पिशवीत घे."

गडावर वावरात गाड्यांच्या रांगाच रांगा लागलेल्या. नानांनी बुलेट लावली, सत्यशीलाबाईंनी पिशवीतून फरशी काढून स्टँडखाली घातली, तसं पोरांचं लक्ष गेलं. पोरं भोवती जमली. टाकीचा पोचा लपण्यासारखा नव्हता.

"नाना, हे काय झालं?" रामकिसननं विचारलं. "कुणी ठोकली का? नाव सांगा फक्त."

किती सोपं होतं! कुणीतरी ठोकली म्हटलं की झालं. नानांनी बायकोकडे पाहिलं. ती दुसरीकडेच, कळसाकडे बघत होती. नाना खोटं बोलले असते तरी तिनं ते आणखी एका फरशीसारखं निमूट खाली सरकवलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पडलती," नाना म्हणाले. "उभ्या जागी पडलती. मला उचलता आली न्हाई. हिनं उचलली. आधीबी लई वेळा हिनंच उचलली."

पोरं एकदा काकींकडे बघत होती, एकदा बुलेटकडे. एकानं तर न राहवून काकींचे पाय धरले. मग रामकिसननं घसा खाकरला. इतक्या वर्षांचं उट्टं काढायची संधी होती, पण त्याचा आवाज मऊ झाला होता. "नाना, मग... आपला नियम?"

"नियम हाय तो हाय."

नानांनी खिशातून आपट्याचं पान काढलं, त्यावर बुलेटची किल्ली ठेवली आणि ते बायकोच्या तळहातावर ठेवलं. "सोनं घे."

सत्यशीलाबाईंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली. "मंग गाडी आता माझी झाली का?"

"झाली."

"मला चालवता येत न्हाई. तुमीच चालवा," त्यांनी किल्ली परत दिली. "पर माझं ऐकायचं. हळू जायचं. पोरांना जाऊ द्या पुढं, आपण मागून."

दर्शन झालं, सोनं लुटून झालं. उतरताना पहिल्यांदाच नानांच्या पुढे कुणीतरी होतं. सगळेच होते. गडाच्या वळणावर ते आले आणि त्यांनी नकळत गाडी हळू केली. खाली सगळा रस्ता गाड्यांनी भरलेला होता. एकामागे एक, वळणामागून वळण, हँडलला झेंडूचे हार, मागे बसलेल्यांच्या हातात आपट्याच्या डहाळ्या, आणि पार खालच्या पुलापर्यंत ती रांग उन्हात हलत होती. इतकी वर्षं हे सगळं त्यांच्या पाठीमागे होतं. त्यांनी ते एकदाही पाहिलं नव्हतं.

"अगं, बघ," ते म्हणाले. "एवढी असतात होय गं ही दर वर्षी?"

"मला काय ठावं?" मागून सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी कधी आलते?"

तिला सगळं नीट बघता यावं म्हणून नानांनी गाडी आणखी हळू केली.