ताबा मिळाला

"तू फक्त कामावर जा. संध्याकाळी येशील तेव्हा कुलूप तुटलेलं असेल आणि सामान जिन्यात," पिशवीतून हातोडी काढत दादा म्हणाला.

सिस्टरने ती हातोडी त्याच्या हातातून घेऊन परत पिशवीत टाकली. हाडांच्या दवाखान्यात ती प्लास्टरच्या खोलीत कामाला होती. घाईने काढलेलं प्लास्टर कातडी ओरबाडून निघतं, हे तिने पाहिलेलं होतं. वकिलांनीही बजावलं होतं की कुलूप तोडायचं नाही, पाणी बंद करायचं नाही, नाहीतर गुन्हेगार तुम्हीच ठराल.

तिच्या दोन खोल्यांच्या घरातली खिडकीची खोली तिने टायपिस्ट बाईंना अकरा महिन्यांच्या करारावर दिली होती. करार संपत आला आणि तिच्या वडिलांना, आप्पांना, अर्धांगवायूचा झटका आला. जन्मभर लोकांचे पंप दुरुस्त करत फिरलेला माणूस आडवा झाला. दादाचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही; तिचं पहिल्याच मजल्यावर, म्हणून आप्पा तिच्याकडे आले. तिने बाईंकडे खोली परत मागितली. बाई म्हणाल्या, बघते. आणि बघतच राहिल्या. शेवटी तिने कोर्टात दावा लावला.

बाई कोर्टाच्या आवारात बसून लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. तारीख कशी लांबवायची, हे त्यांना तोंडपाठ. आधी नोटीस घेतली नाही, मग आजारपणाचा दाखला आला, मग वकील बदलला. तोवर आप्पांची खाट स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळकांडीत. बाई अंग चोरून खाटेला वळसा घालायच्या, तेव्हा आप्पा तोंड भिंतीकडे फिरवायचे.

"मी उंबरठा झालोय बघ घराचा," ते अडखळत म्हणायचे आणि स्वतःच हसायचे.

निकाल तिच्या बाजूने लागला, तेव्हा आप्पांना जाऊन सतरा दिवस झाले होते.

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदाच तिच्यासमोर येऊन बसल्या. आप्पांबद्दल चार शब्द बोलल्या. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आता तू एकटीच. तुला कशाला लागते खोली? मला या वयात कोण ठेवून घेणार?"

यात खोटं काही नव्हतं. दादाही म्हणाला, जाऊ दे आता, भांडायचं कुणासाठी? तीन दिवस तिला घास गोड लागला नाही. चौथ्या दिवशी तिने वकिलांकडे जाऊन अंमलबजावणीच्या अर्जावर सही केली.

कोर्टाचा बेलिफ दोन साक्षीदार घेऊन सकाळी आला. बाईंनी सामान आधीच बांधलं होतं. पुतणीकडे चालले, एवढंच म्हणाल्या. टायपरायटर मात्र त्यांना एकटीला उचलेना. सिस्टरने दुसरी बाजू धरली. दोघी एकेक पायरी मोजत खाली उतरल्या.

टेम्पोपाशी बाई थांबल्या. "गरज नसताना काढलंस मला."

"गरज होती तेव्हा मागितली होती, ताई."

बाईंनी टायपरायटरवर फडकं घातलं, चारी कडांनी नीट खोचलं आणि टेम्पोत चढल्या.

सिस्टर वर आली. बेलिफाने रिकाम्या खोलीत एक चक्कर मारली, 'ताबा मिळाला' असं लिहिलेला कागद पुढे केला आणि कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. तिने सही केली. खाली वेळ लिहायची होती. तिने घड्याळात पाहून साडेअकरा लिहिलं, आणि दुपारच्या ड्युटीसाठी साडी बदलायला आत गेली.