वाट रस्त्याला मिळते तिथे

ताईने वळणाच्या अलीकडे बस थांबवली, हँडब्रेक ओढला आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. एक लांबलचक, मग श्वासभर थांबून दुसरा. मागच्या सीटवर कुणाचं तान्हं दचकून रडायला लागलं.

"अहो ताई, रस्ता मोकळाच आहे की," दारापाशी समुद्रावरची मोठी छत्री सावरत उभा असलेला माणूस म्हणाला.

"दिसतोय मोकळा," ताई म्हणाली आणि डाव्या हाताच्या झाडीकडे बघत राहिली.

उजवीकडे कठडा होता, त्याच्या खाली समुद्र. डावीकडे टेकडी. त्या टेकडीवरून एक सायकलवाट मुळांवरून, दगडांवरून, झाडांच्या मधून खाली येत होती आणि बरोबर या वळणावर, कमरेइतक्या झुडपांतून, डांबरी रस्त्यावर उतरत होती. माहीत नसलेल्याला तिथे वाट आहे हे कळलंही नसतं. सायकलवाले मात्र त्या शेवटच्या उतरणीसाठी लांबून यायचे. अंधाऱ्या झाडीतून सुसाट निघायचं आणि एकदम समोर उघडा समुद्र! त्या टप्प्याला त्यांच्यात नावच होतं, 'सुटका'. सुट्टीच्या दिवसांत तसं छापलेले शर्टसुद्धा किनाऱ्यावरच्या दुकानांत लटकत असायचे.

झाडीतून कुणी आलं नाही. ताईने गिअर टाकला.

"रोजचंच आहे हे," मागे कुणीतरी म्हणालं. "हौस आहे बाईंना वाजवायची."

ताईने आरशात पाहिलं नाही. उत्तर द्यायचं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं असतं, आणि ती वाट आपल्याच सख्ख्या धाकट्या भावाने खणली आहे, हेही.

सायकलवाले त्याला उस्ताद म्हणायचे. घरात तो अजून धाकटाच होता. तीन पावसाळे एकट्याने कुदळ मारून त्याने ती वाट काढली होती, आणि त्यातल्या दगडा-दगडाबद्दल तो असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं घरातल्याच कुणाचा विषय निघालाय. ताईलाही एके काळी त्याचं कौतुक होतं. मग गेल्या हंगामात एक सायकलवाला त्या झुडपांतून सुटला तो थेट तिच्या बसच्या कुशीवर आदळला. त्याचा खांदा मोडला. ताईने कचकन ब्रेक मारला, खाली उतरली, त्याच्या डोक्याखाली आपली पिशवी ठेवली. धाकटा वरून धावत आला, धापा टाकत, आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो हा :

"किती वेगात होतीस तू?"

त्याने नंतर इतर बरंच काही विचारलं असेल. ताईच्या लक्षात तेवढंच राहिलं.

त्यानंतर तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? धाकट्याला सांगितलं, शेवटी दोन वळणं टाक, म्हणजे वेग मरेल. तो म्हणाला, वेग मारायला लोक इथे येतात का? तिने स्वतः रंगवून एक पाटी लावली. तिच्यावर सायकलवाल्यांनी एवढी चित्रं चिकटवली, की 'सावकाश'मधला फक्त 'सा' उरला. शेवटी ती पर्यटन कार्यालयात जाऊन बसली. तिथल्या अधिकाऱ्याने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं, हे तर जास्तच वाईट.

"टेकडी वनखात्याची," तो म्हणाला, "आणि रस्ता बांधकामवाल्यांचा."

"आणि दोन्ही मिळतात तिथलं?"

"तो प्रश्न अजून आमच्याकडे आलेला नाही."

"मी आणलाय ना आत्ता!"

त्याने मान हलवली. अगदी सहानुभूतीने हलवली.

तेव्हापासून ती थांबत होती आणि हॉर्न वाजवत होती. आता तेही कुणाला बघवेना. त्या दिवशी दुपारी डेपोच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं.

"वळणावरच्या बंगलेवाल्यांची तक्रार आहे. पाहुणे शांततेसाठी येतात म्हणे."

"माणूस चाकाखाली आला की होईल शांतता."

"ताई, असं नका बोलू. मी काय, मधल्यामध्ये अडकलेला माणूस. जरा हळू वाजवा."

"हॉर्न हळू कसा वाजवतात, साहेब?"

साहेबांनी तिला चहा पाजला.

रविवारी आईकडे जेवायला सगळे होते. भावजयीने वाढलं, आईने या वर्षी उकाडा फार असल्याचं सांगितलं, आणि धाकटा ताटात बघून म्हणाला, "तुझ्या भोंग्याची फार तारीफ ऐकतो हल्ली."

"चल, माझ्याबद्दल काहीतरी ऐकतोस हे कमी नाही."

"लोक हसतात, ताई. माझी बहीण म्हणून मलाच येऊन सांगतात."

"हसू देत. जिवंत आहेत म्हणून हसतायत."

"तू ती वाट एकदा तरी वरून पाहिलीस का?" त्याने पाण्याचा पेला आदळला. "खालून, काचेतून बघून शहाणपण शिकवतेस. एकदा ये तरी. बघ, मी काय केलंय ते. मग बोल."

"येते," ताई म्हणाली. "उद्या सुट्टीच आहे माझी."

ती येईल असं त्याला वाटलं नव्हतं. भावजयीने दोघांच्याही ताटात न मागता भात वाढला आणि भांडं आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टेकडीच्या माथ्यापासून चालत निघाली. धाकटा खांद्यावर फावडं टाकून पुढे होता. मग तो बोलायला लागला, आधी तुटक आणि मग भान विसरून. हे पाणी इथून वळवलंय, नाहीतर एका पावसात वाट धुपून जाते. हा दगड चौघांनाही मिळून हलला नसता, तो पहारीने एकट्याने सरकवला. वळणाची बाहेरची कड अशी उचललीय, की सायकल आपोआप आत कलते. ताईने त्या कडेवरून हात फिरवला. माती घट्ट बसली होती, गुळगुळीत.

"छान केलंयस," ती म्हणाली. तिला ते मनापासून वाटलं, आणि वाटलं म्हणून जास्तच राग आला. एवढी अक्कल असलेल्या माणसाला शेवटची उतरण कशी दिसत नाही?

त्या उतरणीच्या वरती थोडी सपाट जागा होती. तिथे तीन सायकलवाले एक पाय जमिनीला टेकवून उभे होते. गुडघ्यांना पट्टे, डोक्याला हेल्मेट, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी उस्तादला हात केला.

"का थांबलात?" ताईने विचारलं.

"हॉर्नसाठी, काकू," त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली. तिच्या हनुवटीवर वाळलेला चिखल होता. "खाली एक बसवाल्या बाई आहेत. त्या वळणावर हॉर्न देतात, मस्त लांब. तो वाजला की बस जाऊ द्यायची. नाही वाजला तर बस नाहीच. इथे सगळे तसंच करतात."

"सगळे?"

"बाकी गाड्या काय, दोन-चार असतात. भीती बसचीच." तिने हेल्मेटचा पट्टा ओढून पाहिला. "आज बराच वेळ शांत आहे. जाऊ या ना?"

ताई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. समुद्रावरून वारा येत होता, झाडं सळसळत होती, आणि त्या सळसळीच्या खाली तिला दुसरंच काही ऐकू आलं. चढावर तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येणारं इंजिन. ते इतरांना ऐकू येणं शक्य नव्हतं. ते तिच्या बसचं होतं. आज त्यावर बदलीवाला ड्रायव्हर होता, आणि बदलीवाला वळणावर थांबत नसे, वाजवत तर त्याहून नसे.

मुलीने पाय उचलला. सायकल पुढे झुकली.

ताई हात पसरून वाटेत उभी राहिली. ओरडायला वेळ नव्हता, की ओरडली ते तिला आठवलं नाही. पुढचं चाक वळलं, मुलगी सायकलसकट झुडपांत गेली आणि तिथून शिव्या यायला लागल्या.

"वेड लागलंय का तुम्हाला? मान मोडली असती माझी!"

तेवढ्यात खाली, झाडीच्या फटीतून, बसचं निळं छप्पर सरकत गेलं. अगदी शांतपणे. वळण घेऊन दिसेनासं झालं.

शिव्या थांबल्या. दुसऱ्या सायकलवाल्याने सायकल जमिनीवर आडवी ठेवली आणि तिच्याशेजारीच खाली बसला. धाकटा फावडं धरून उभा होता तसाच उभा राहिला.

ताई जवळच्या दगडावर बसली.

"मागच्या महिन्यात मला ताप होता," ती म्हणाली. "दोन दिवस बदलीवालाच होता."

मुलगी कोपर चोळत झुडपांतून बाहेर आली.

"मी आजारी पडले तर? मला बदली मिळाली तर? इथे कुणी मेलं असतं ना, तर माझ्या हॉर्नने मेलं असतं."

"मी त्यांना सांगितलं नव्हतं, हॉर्नवर भरवसा ठेवा म्हणून," धाकटा म्हणाला.

"मी सांगितलं होतं?"

धाकटा झुडपांत शिरून मुलीची सायकल बाहेर काढायला लागला. हँडलमध्ये वेल गुंतली होती. ती त्याने ओढून तोडली नाही, सोडवत बसला, नको तितका वेळ.

पुढचे दिवस ताईचे फार वाईट गेले. वळण आलं की हात हॉर्नकडे जायचा आणि तिथेच थबकायचा. वाजवावं तर वरच्यांची सवय पक्की होते. न वाजवावं तर आज वर कोण कशाच्या भरवशावर उभं आहे कोण जाणे. ती वाजवायची आणि वाजवताना दात-ओठ खायची. एका बाईने तिला लिमलेटची गोळी देऊन विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. धाकट्याचा फोन नाही, काही नाही. भावजयीकडून कळलं, की तो पहाटेचा जातो, अंधार पडला की येतो आणि जेवताना बोलत नाही. म्हणजे रुसून बसलाय, ताईने ठरवलं. नेहमीसारखा.

मग एका सकाळी वळणाच्या बरंच अलीकडे तो रस्त्यातच हात वर करून उभा दिसला. पाय गुडघ्यापर्यंत मातीने लडबडलेले. ताईने बस थांबवली. तो तिच्या खिडकीखाली आला.

"इथेच थांब. पुढे नको. वळण तुला इथूनच दिसायला लागतं ना?"

"बसमध्ये माणसं आहेत, अरे."

"असू देत. तुला दिसतो का ते बघ, मी वरून खाली येतो. जिथे तू मला पहिल्यांदा बघशील, तिथे वाटेत आडवा ओंडका टाकणार. सायकलवरून उतरल्याशिवाय कुणी पुढे येणार नाही."

ताईने झाडीकडे पाहिलं. झुडपं होती तिथे आता उघडी लाल माती होती. 'सुटका' नव्हती. शेवटची उतरण मधोमध फोडून तिचे दोन आडवे वळसे केले होते, म्हाताऱ्या माणसानेही चालत उतरावं असे. कडेला काही सायकलवाले उभे होते आणि मयतीला आल्यासारखे बघत होते.

"उस्ताद," त्यांच्यातला एक म्हणाला, "वाट काढलीत तुम्ही, आणि वाट लावलीत ती पण तुम्हीच."

धाकट्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो वर चढून गेला, दिसेनासा झाला. मग त्याचा आवाज आला.

"दिसतोय का?"

"नाही!"

"आता?"

"नाही!"

प्रवाशांमध्ये चुळबुळ सुरू झाली. गवती टोपीवाल्या एक बाई पुढे येऊन काचेतून वाकून बघू लागल्या. डेपोचा फोन वाजला आणि वाजून थांबला. मागे एका गाडीने हॉर्न दिला, आणि नवल म्हणजे गवती टोपीवाल्या बाईंनीच त्या गाडीवाल्याला खिडकीतून हात काढून थांब म्हणून खुणावलं.

"आता तरी?" धाकटा ओरडला. आवाजात वैताग होता.

ताईला तो दिसत होता. वरच्या वळशापाशी, सायकलवर बसल्यासारखा गुडघे वाकवून, दोन्ही मुठी पुढे धरून, एवढा मोठा बाप्या अगदी हास्यास्पद दिसत होता. त्याचे केस विरळ झाले होते. शर्ट घामाने काळा पडला होता. तो तिला कधीचाच दिसत होता.

"ते बघा ना, ते काय," गवती टोपीवाल्या बाई म्हणाल्या.

ताईने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. ती त्याची वाट बघत होती, म्हणून तिला तो दिसला होता. बदलीवाला वाट बघत नसतो. मागच्या गाडीतला माणूसही नसतो; त्यांनाही सहज दिसायला हवा.

"नाही," ती खिडकीतून मान काढून म्हणाली. "अजून खाली ये."

"डोळे तपासून घे एकदा!" धाकटा खेकसला, आणि गुडघे तसेच वाकवून, पुटपुटत, पाऊल पाऊल खाली यायला लागला.