दुसरा नंबर

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाची तारीखही चालली नाही, तेव्हा अंजलीने नवऱ्याच्या, वाळूच्या, फोनवर स्वतःच्या लग्नाची तारीख टाकून पाहिली. तीही चुकली. फोनने तीस सेकंद थांबायला सांगितलं, आणि नेमका तेवढ्यात वाळू चहाचे कप विसळून मोरीतून बाहेर आला.

"कितवा?" त्याने विचारलं.

"सातवा," ती म्हणाली. आता लाजायचं तरी कशाला!

"दुसरा नंबर नाय, अंजे."

"असता तरी हेच म्हणाला असतात."

त्याने कप पालथे घातले आणि खाली दुकान उघडायला गेला.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या बोळात त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. काउंटर अंजलीचं, आत डोळ्याला भिंग लावून बसायचं काम वाळूचं. गिऱ्हाइकाने फोन दिला की ती कागदी चिकटपट्टीवर नाव आणि फोन उघडायचा नंबर लिहायची आणि पट्टी फोनच्या पाठीवर डकवायची. अर्ध्या पंचवटीचे नंबर तिने असे लिहिले असतील, पण कुणाच्या फोनमध्ये डोकावली असेल तर शपथ.

मग पंधरा दिवसांपूर्वी सावळीराम मास्तरांचा फोन दुरुस्तीला आला. मास्तर म्हणजे रिटायर्ड माणूस, कपाळी गंध, बोलणं तुपातलं. त्यांनी एक नंबर दिला, अंजलीने लिहून घेतला. संध्याकाळी मात्र मास्तर परत आले, तिला ओलांडून थेट वाळूच्या कानाशी लागले आणि आणखी एक नंबर देऊन गेले. ते गेल्यावर वाळूने तिला हौसेने समजावलं. एकाच फोनला दोन खोल्या असतात. हा नंबर टाकला की पुढची खोली उघडते, तो टाकला की मागची. कुणी धरलंच तर पुढचा नंबर द्यायचा आणि हात झटकून मोकळं व्हायचं. पुढच्या खोलीत उभं राहून मागची दिसतच नाही.

"मग आहे का नाही ते कळायचं कसं?"

"नाय कळत," वाळू म्हणाला. "तीच तर गंमत हाय."

हे सांगताना त्याचे डोळे चमकले, ते अंजलीने बरोबर हेरलं. मास्तरांच्या मागच्या खोलीत काय होतं ते त्याने पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तर सांगितलं नाही. पण ह्याला ह्या गोष्टीची एवढी खडान्‌खडा माहिती कशी? दर गुरुवारी एमजी रोडला पार्ट आणायला जातो, त्याला दोन-दोन तास कसे लागतात? एकदा किडा डोक्यात शिरला की शिरला.

त्या रात्री तिने वाळूचा फोन मागितला. त्याने विनातक्रार दिला. आत काय, तर निफाडच्या भावाचे द्राक्षांचे फोटो, देवळाचे फोटो, भाच्याच्या बारशाचं निमंत्रण. सगळं कसं धुतल्यासारखं. तिथेच ती जास्त चरकली. इतकं आवरलेलं घर माणूस पाहुण्यांना दाखवायलाच ठेवतो.

पुढे वाळू जे जे करायला गेला ते त्याच्याच अंगाशी आलं. फोन पुसून कोरा करून देतो म्हणाला, तर तिने विचारलं, पुरावा पुसताय का? साधा बटणांचा फोन वापरायला घेतला, तर तिने विचारलं, मोठा कुणाकडे ठेवलाय? काळारामाची शपथ घेतली, तर ती म्हणाली, मास्तरही रोज त्याच देवळात जातात. चोर निदान माल तरी परत करू शकतो. ज्याने चोरीच केली नाही त्याने काय परत करायचं? शेजारच्या कव्हरवाल्या नईमने एकदा मध्ये पडून पाहिलं. "भाभी, वाळूभाऊ सरळ माणूस आहे," म्हणाला. अंजलीला वाटलं, हाही सामील असणार.

वाळूने बोलणं टाकलं. जेवणावरची वासना गेली. एरवी तांदळाएवढा पार्ट चिमट्याने अलगद बसवणारा हात थरथरायला लागला. दोन गिऱ्हाइकांचे फोन बिघडले आणि ते शिव्या देऊन गेले. अंजलीला त्याची कीव यायची, पण कीव आली की लगेच वाटायचं, मन खात असेल म्हणून हात कापतोय.

शुक्रवारी सकाळी तो गिऱ्हाइकासारखा काउंटरच्या बाहेरून आला आणि त्याने आपला फोन तिच्यासमोर ठेवला. पाठीवर कागदी पट्टी होती. तिच्यावर त्याच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, वाळू गांगुर्डे. खाली दोन नंबर.

"दुसरा हाय," तो म्हणाला. "खोटं बोललो. बघ."

अंजलीने फोन ओढून घेतला. तिने दुसरा नंबर दाबला. मागची खोली उघडली. आत एकच नाव, वैशाली, आणि तिचे निरोप. एकेक वाचताना अंगाची लाही लाही होत होती.

'जेवलात का? मिरच्या बाजूला काढा, तुमच्या घशाशी येतं.'

'द्वारकेच्या चौकात गाडी हळू चालवा, तिथे ट्रक अंगावर येतात.'

'पित्ताची गोळी वरच्या खिशात ठेवलीय.'

'चष्मा गल्ल्यावर विसरलात.'

शेवटच्यापाशी ती थांबली. गल्ला इथला, तिच्या कोपरापाशी. चष्मा तिथे विसरला की अंजलीच त्याला असं कळवायची. मिरच्यांचं तीच सांगायची, द्वारकेचंही तीच. म्हणजे पूर्वी सांगायची. अलीकडे कुठे सांगत होती? तिने वेळ पाहिली. सगळे निरोप कालच्या गुरुवारचे, दुपारी एक ते तीनमधले. काल एमजी रोडला जातो म्हणून गेलेला हा माणूस कुठेतरी बसून दोन फोनांवर स्वतःच स्वतःला लिहीत होता. परक्या बाईच्या तोंडी घालायला त्याच्याकडे दुसरे शब्दच नव्हते.

तिने वर पाहिलं. वाळू आरोपीसारखा मान खाली घालून उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकीच्या काजात.

सांगून टाकावं, की अहो, हे माझेच शब्द आहेत, कळलं मला. पण मग? मग दुसरा नंबर नव्हताच, हे पुन्हा सिद्ध कुणी करायचं? आणि किडा मेला कुठे होता? तो हळूच म्हणालाच, एवढी खोटी खोली उभी करणारा माणूस तिसरी नसेल कशावरून. अंजलीला स्वतःची शिसारी आली.

"चुकलो," वाळू म्हणाला. "पुन्हा नाय होणार. माफ कर."

माफी मागायची होती तिने. ती जिभेवर आलीही होती.

"केलं," ती म्हणाली.

वाळू आत गेला, टेबलाशी बसला, भिंग डोळ्याला लावलं आणि चिमटा उचलला. हात अजिबात कापत नव्हता. अंजली काउंटरवर बसून कितीतरी वेळ तो हात पाहत राहिली. समोर फोन दुरुस्तीला घेऊन उभ्या असलेल्या बाईने तिला दोनदा नंबर सांगितला, तरी तिने तो लिहून घेतला नव्हता.