वाऱ्याच्या चक्रीला बांधलेले धागे

मार्च उजाडला, की माझ्या कामात वादळापेक्षा लोकांची मनगटे अधिक अडथळा आणतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला भाग्यासाठी मनगटावर बांधलेला लाल-पांढरा धागा, म्हणजे मार्टेनित्सा, फुललेले झाड दिसताच सोडून त्याच्या फांदीला बांधायचा, हा आम्हा बल्गेरियनांचा नेम. पिरिन पर्वताच्या ज्या उतारावर आमची स्कीची लिफ्ट संपते, तिथे मार्चअखेर बर्फाशिवाय काही नसते. म्हणून पाहुणे धागे बांधतात ते वरच्या स्थानकाच्या कठड्यावर फिरणाऱ्या, वारा मोजणाऱ्या चक्रीला. मी सूचनाफलक लावला. त्यालाही धागे बांधले गेले.

त्या रविवारी चक्री जखडली. वाऱ्याचा वेग कळेना, तेव्हा यंत्रणेने लिफ्ट बंद केली. लिफ्टच्या तारेवरच्या खुर्च्यांत लटकलेल्यांना राखीव इंजिनावर वर आणून उतरवले, तर ती मंडळी स्कीवरून निघून जाण्याऐवजी मलाच बोल लावत उभी राहिली. लिफ्ट पुन्हा बंद पडली तर सोफियाहून दुसरा इंजिनियर आणीन, असे मालक ऑग्न्यान मला आधीच बजावून चुकले होते.

मी लिफ्टचालक स्पिरोच्या हाती चाकू दिला. त्याने तो परत केला.

"दुसऱ्याचं भाग्य मी कापणार नाही, इंजिनियरसाहेब. घरी तीन मुली आहेत मला."

मग मीच पाते उघडले. क्षणापूर्वी लिफ्ट सुरू करा म्हणून ओरडणारी बाई काठी आडवी धरून पुढे आली. "कापून तर बघा, आजोबा!"

निरुपायाने हातमोजे काढून मी गोठलेल्या गाठी नखांनी सोडवू लागलो. तेवढ्यात मालक बर्फावरच्या स्कूटरवरून आले आणि खेकसले, "खाली एवढी रांग लागली आहे आणि तुम्ही विणकाम उसवत बसलात? कापा आणि मोकळे व्हा."

मी चाकू त्यांच्यापुढे धरला. "तुम्हीच कापा."

त्यांनी चाकू घेतला, गर्दीकडे पाहिले, पाते एका गाठीला टेकवले. मग चाकू मिटला, खिशात टाकला आणि शेजारी बसून तेही गाठी सोडवू लागले. सोफियाच्या इंजिनियरचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

अखेर चक्री फिरली, लिफ्ट निघाली. मी हातमोजे चढवत होतो, तोच मालकांनी बाही वर सारली. मनगटावर लाल-पांढरा धागा होता.

"हा कुठं बांधू हो?" त्यांनी विचारले. त्यांची नजर फिरत्या चक्रीवर होती.