भोळ्या घराण्यातली वाचलेली अळी

मित्रांनो, माणसाने आजवर जी जी विषे बनवली ती ती पचवून दाखवणाऱ्या शूर कुळात माझा जन्म झाला. मी कोबीवरची अळी आहे. आमची शाखा तेवढी एका थेंबात आडवी होते.

आम्ही प्रयोगशाळेतल्या डब्यात वाढतो. आमच्या पणज्यांच्या पणज्यांनीही औषध पाहिलेले नाही. मळ्यातल्या अळ्या किती निर्ढावल्या हे मोजायचे, तर शेजारी न निर्ढावलेली अळी लागते. ते काम आमचे. औषधाचे पान खायचे आणि वेळेवर मरायचे. प्रयोगशाळेतल्या बाई आम्हाला ‘भोळे घराणे’ म्हणतात आणि आमच्या मरणाचे फार कौतुक करतात.

बाईंचे दादा कोबी पिकवतात. मागे त्यांनी मळ्यातल्या अळ्या तपासायला आणल्या, त्या आपल्या जेवणाच्या डब्यातून. पानाला एक कोषही चिकटला होता. त्यातून पतंग निघाला आणि आमच्यात येऊन राहिला. ते माझे वडील.

विष तोडणारे एक रसायन आमच्या अंगात बनते. त्याची कृती जनुकात लिहिलेली असते. आईकडे ती एकदाच होती. वडिलांकडे तिच्या नकलांवर नकला. मळ्यात दर फवारणीला कमी नकलावाले गेले, जास्तवाले उरले, आणि लेकरे त्यांचीच झाली. त्यांतल्या बऱ्याच नकला मला मिळाल्या.

आज दोन बश्या मांडल्या. एकीत दादांच्या अळ्या, दुसरीत आम्ही भावंडे. औषधाचे पान खाल्ले, आणि विष पचलेही. बाईंनी कुंचल्याने डिवचले. मेल्यासारखे पडून राहावे असे फार वाटले, पण गुदगुल्या आवरल्या नाहीत.

“काय गं विदुषी, दोन्हीकडच्या जिवंतच की,” दादा म्हणाले. “मग औषध चांगलं का वाईट?”

“ह्या मरायला हव्या होत्या.” बाई खुर्चीत बसल्या. “दादा, त्या दिवशी डबा कुठे उघडलास?”

“इथेच. घरी उघडला असता तर तुझ्या वहिनीने जेवायला वाढलं असतं का?”

“मग आता तुलना कुणाशी करू? नवं भोळं घराणं आणेपर्यंत मला काहीच सांगता येणार नाही.”

“तोवर पीक थांबतंय का? तेच मारतो, दुप्पट.”

“दादा, त्याने उलट…”

दादा गेले. मग बाईंनी आमचा डबा उचलून बर्फाच्या कपाटाजवळ ठेवला; निकामी अळ्या त्यात गोठवून मारतात.

मित्रांनो, तेच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. त्याने आम्ही संपत नाही. आमच्यातल्या निवडक तेवढ्या मागे राहतात. आणि बाईंना कुणी सांगाल का, कपाट उघडण्याआधी औषध न लावलेले एक साधे पान द्या म्हणावे. विष पचते हो, पण चव अगदीच कडू आहे.