बिब्ब्याची खूण

देवळालीच्या परीट आळीत चिमाजीसारखं डोकं कोणाचं नव्हतं. तोफखान्याच्या शाळेत शिकायला येणाऱ्या प्रत्येक साहेबाच्या कपड्यावर, कॉलरच्या आतल्या बाजूला, तो बिब्ब्याच्या काळ्या रसाने वेगळी खूण करी. ठिपके, रेघा, एखादी आकडी. लिहून काही ठेवत नसे, सगळं डोक्यात.

एका परदेशातून पाच अधिकारी आले होते. त्यांतला उंच कॅप्टन ओबेला एकदा कॉलर उलटून मोडक्या हिंदीत म्हणाला होता, हे वाचणारा जगात तू एकटाच. चिमाजीने ते साऱ्या आळीला सांगितलं.

ते पाच जण परत गेले. दोन वर्षांनी, १९८१ च्या डिसेंबरात, नाशिकरोडचा टॅक्सीवाला खाजा त्याच देशातल्या एका सुटाबुटातल्या पाहुण्याला घेऊन आला. पाहुण्याने पिशवीतून पांढरा सदरा काढला आणि खाजा त्याच्या वतीने बोलला.

"चिमाजीभाऊ, त्या पाच साहेबांपैकी हा कोणाचा, विचारतात. तिकडे एका घरात राहिला म्हणे. ज्याचा त्याला द्यायचाय."

चिमाजीने कॉलर उलटली. दोन ठिपके, खाली आकडी.

"ह्यात काय इचारायचं? उंच साहेबाचा. ओबेला."

"वा भाऊ! डोकं हाय का कचेरीचं कपाट?" खाजा हसला. पाहुण्याने नाव लिहून घेतलं, पाठ थोपटली. चिमाजीची बायको कुसाबाई हिने चहा दिला.

महिन्याने खाजा एकटाच आला. हातात पेपर होता. त्या देशावर लष्करी अधिकाऱ्यांच्या टोळक्याचं राज्य होतं आणि शेजाऱ्याशी लढाई चालू होती. ती थांबवायची म्हणून काही अधिकाऱ्यांनी नोव्हेंबरात उठाव केला आणि तो दोन दिवसांत फसला. कट शिजला त्या घरात एक सदरा सापडला होता. कॅप्टन ओबेलाला गोळ्या घातल्या.

"मी तर नुसतं भाडं आणलं, भाऊ," खाजा म्हणाला.

"आन् मी?"

खाजा पेपर ठेवून निघून गेला.

"खरं तेच तर सांगितलं तुम्ही," कुसाबाई म्हणाली.

"तेच तर."

फेब्रुवारीत तोच पाहुणा पुन्हा आला. खाजाने भाडं नाकारलं होतं, म्हणून टॅक्सी दुसरी. या वेळी बनियन होतं. गळ्याच्या आतल्या बाजूला तीन ठिपके, मधून रेघ. चिमाजीला त्या पाचांतला ठेंगणा लेफ्टनंट आठवला. दर रविवारी तो स्वतः कपडे न्यायला येई.

"माझी खूण नाय ही."

"शाई तीच आहे म्हणतात साहेब," टॅक्सीवाला म्हणाला.

"बिब्बा कोणीबी वापरतं. नाय म्हंजे नाय."

पाहुणा बनियन घडी करून गेला.

"खूण तर तुमचीच हुती," कुसाबाई म्हणाली.

"हो."

"मंग त्या टायमाला का नाय असं बोलला?"

चिमाजीने इस्त्रीतले कोळसे उगाच हलवले.

"त्या टायमाला मला शाबासकी पायजे हुती."