बसायला जागा नाही

शेवटचा दिवसही रोजच्यासारखाच गेला. आई खिडकीपाशी बुटक्या स्टुलावर बसून वेताची खुर्ची विणत होती. लेक पाण्यातून एकेक पट्टी काढून, पुसून तिच्या हाती देत होती.

"ओली आहे तोवरच ऐकते ही," आई म्हणाली. "वाळली की माझ्यासारखी. वाकत नाही, मोडते."

"तू कधी मोडलीस गं?"

"मोडायला सवड कुठे होती!"

अर्धी बैठक विणून झाल्यावर कंबर धरून ती उठली. "राहू दे. उरलेली उद्या करू."

सकाळी आई उठलीच नाही.

भेटायला येणाऱ्यांनी घर भरलं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, येईल त्याला सांगत होता, "ताई म्हणजे गरीब गाय. वडिलांच्या शब्दाबाहेर कधी गेली नाही. दिल्या घरी सुखाने नांदली." लोक माना डोलवत होते.

लेकीने हातातली कपबशी खाली ठेवली. गाय?

आईच्या तरुणपणी त्यांच्या समाजात लग्न ठरवताना मुलीला कुणी विचारत नसे. दोन्हीकडचे वडीलधारे समोरासमोर बसले की लग्न ठरलं. उभ्याउभ्या दिलेला शब्द कुणी धरत नसे. आईने हे नीट ध्यानात ठेवलं होतं. आजोबांचा धंदा खुर्च्या विणण्याचा. तिचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे त्या सकाळी, आजोबांची पाठ वळताच, तिने घरातल्या आणि दुरुस्तीला आलेल्या एकूण एक खुर्च्यांचा वेत कापून टाकला. शिवाय जमिनीवर साबणाचं पाणी ओतून घर धुवायला काढलं.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे काका अंगाने चांगलेच भरलेले. ते एका रिकाम्या चौकटीकडून दुसरीकडे बघत राहिले.

"अहो, खुर्च्या विणणाऱ्याच्या घरात बसायचं तरी कुठे?"

"बसूच नका," झाडू भिंतीला टेकवत ती म्हणाली. "मला हे लग्न करायचं नाही."

सोन्यासारखं स्थळ आल्या पावली परत गेलं. नात्यागोत्यात आजोबांची छी-थू झाली. त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण दुसऱ्या दिवशी एक कापलेली खुर्ची तिच्यापुढे आणून आदळली. "कापलंस तू, विणायचंही तूच." त्या घरात बायकांनी वेताला कधी हात लावला नव्हता. शिक्षा म्हणून हाती आलेलं ते काम तिच्या जन्माच्या पोटापाण्याचं साधन झालं. नवराही तिला त्यातच मिळाला. एक शाळामास्तर एकच खुर्ची पुन्हा पुन्हा मोडून आणायचे. "शेवटी मीच म्हटलं, त्या खुर्चीला कशाला छळता, काय ते तोंडाने बोला!" हे सांगताना आई पोट धरून हसायची. मग बजावायची, "मामापुढे काढू नकोस हं. त्याला अजून लाज वाटते."

लेकही हसायची. पुस्तकांतल्या शूर बायकांबद्दल ती तासन्‌तास बोलू शके. घरातल्या या गोष्टीवर मात्र हसण्यापलीकडे ती कधी काही बोलली नव्हती. आता मामा सांगेल तीच आई लोकांच्या लक्षात राहणार होती.

ती उठली. खिडकीजवळची अर्धी विणलेली खुर्ची उचलून तिने सगळ्यांच्या मधोमध ठेवली.

"मामा, आई गाय नव्हती. तिने तुमच्या घरातल्या सगळ्या खुर्च्या कापल्या होत्या."

कुणाचा तरी चमचा बशीत पडला. कोपऱ्यातली एक म्हातारी आत्या पदराआड खुदकन हसली.

"अगं, आता कशाला ते..." मामा पुटपुटला.

"आताच."

तिने खुर्चीच्या उघड्या भोकांवरून बोट फिरवलं. पट्ट्या वाळून ताठ झाल्या होत्या.

"आई," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "इतकी पुस्तकं वाचली गं मी. पण तुझ्याएवढी धीट बाई मला कुठेच भेटली नाही."